कडेला सरकलेली केंद्रकं

स्नायूची बायोप्सी म्हणून प्रयोगशाळेत येणारा तुकडा जेमतेम सेंटिमीटरभर असतो. द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो काही क्षणांत गोठवतात, मग त्याचे केसाहूनही पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात आणि त्यावर दोन रंग चढवतात, एक गुलाबी आणि एक निळा-जांभळा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की एकमेकांना खेटून बसलेल्या गुलाबी बहुकोनी आकृत्या दिसतात. प्रत्येक आकृती म्हणजे एका स्नायुपेशीचा आडवा छेद. निळे ठिपके म्हणजे केंद्रकं. ती झाडून सगळी कडेला, पेशीच्या पटलाला चिकटून, थोडी चपटी होऊन बसलेली असतात. मधला सगळा भाग नुसता गुलाबी.

पॅथॉलॉजिस्ट इथे एक साधा हिशेब मांडतात. किती पेशींमध्ये केंद्रक कडेऐवजी आत दिसतंय? शंभरात दोन-तीन असतील तर सोडून द्यायचं. त्याहून जास्त असतील तर मात्र रिपोर्टमध्ये तशी नोंद होते आणि पुढच्या तपासण्या सुरू होतात. शाळेत पेशीची आकृती काढताना केंद्रक मधोमध काढलं नाही तर गुण जायचे. स्नायूची पेशी तशी काढली तर ती बहुधा आजारी पेशीची आकृती होईल!

केंद्रक कुठे बसलंय यावरून आजार कळावा, हे मला फार विलक्षण वाटतं. केंद्रकाचं काम डीएनए सांभाळण्याचं. ते चार मायक्रॉन इकडे की तिकडे, याने काय बिघडतं? आणि मुळात त्याला कडेला नेतं कोण?

आधी ही पेशी केवढी आणि कशी, ते पाहू. शरीरातल्या बहुतेक पेशींत एकच केंद्रक असतं. यकृताच्या काही पेशींत दोन, तांबड्या रक्तपेशीत एकही नाही. स्नायूच्या एका तंतूत, म्हणजे एका पेशीत, शेकडो असतात, लांब तंतूंत तर हजारो. कारण ही पेशी एकटी वाढून मोठी झालेलीच नसते. गर्भात एकेक केंद्रक असलेल्या छोट्या पेशी रांगेत येतात, त्यांची पटलं एकमेकांत मिसळतात आणि सगळ्यांचा मिळून एक लांबलचक तंतू होतो. या मिसळण्यासाठी लागणारं मायोमेकर हे प्रथिन २०१३ साली सापडलं. माणसाचा सर्वांत लांब स्नायू म्हणजे सार्टोरियस. कमरेच्या हाडापासून निघून मांडीवरून तिरका जात तो गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोचतो. आपण मांडी घालून बसतो तेव्हा तो कामाला लागतो. त्यातला एकेक तंतू कित्येक सेंटिमीटर लांब आणि जाडीला मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी.

एवढ्या लांब पेशीचा कारभार एका केंद्रकाला झेपणार नाही. केंद्रकातून निघणारे आरएनए संदेश मोठे असतात, दाटीवाटीच्या पेशीद्रवात ते आपणहून फार लांब जात नाहीत. १९८९ मध्ये वेगवेगळ्या जातींच्या पेशी एकत्र करून बनवलेल्या स्नायुतंतूंवर प्रयोग झाले. त्यात दिसलं की काही प्रथिनं ज्या केंद्रकाच्या हुकमाने बनतात त्याच्याच आसपास राहतात. म्हणजे एकाच पेशीत प्रत्येक केंद्रकाचा आपला आपला इलाखा असतो. २००३ साली ऑस्लोच्या क्रिस्टियन गुंडरसन यांच्या गटाने जिवंत उंदरांच्या स्नायूंतली केंद्रकं मोजली आणि त्यांच्या जागा नोंदवल्या. केंद्रकं वाटेल तशी विखुरलेली नव्हती. नुसत्या योगायोगाने पडावं त्यापेक्षा जास्त सारखं अंतर त्यांच्यात होतं, जणू ती एकमेकांना दूर ढकलत होती.

अपवाद एकाच ठिकाणी ठळक दिसतो. चेतातंतू येऊन स्नायूला भिडतो तिथे, पटलाखाली, काही केंद्रकं मुद्दाम जमलेली असतात. चेतातंतूने सोडलेलं रसायन पकडणाऱ्या ग्राहक प्रथिनांची जनुकं तीच चालू ठेवतात, बाकीची बंद ठेवतात. स्नायू जिथे कंडरेला जोडला जातो, तिथल्या केंद्रकांचीही वेगळी तऱ्हा. २०२० मध्ये एकेक केंद्रक सुटं करून त्यातला आरएनए वाचण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि एकाच पेशीतली, एकच डीएनए असलेली केंद्रकं जागेप्रमाणे वेगवेगळी जनुकं वापरतात हे स्पष्ट दिसलं.

आता प्रवास. तोही एका दमात होत नाही. नवी छोटी पेशी तंतूत मिसळली की तिचं केंद्रक आधी मध्याकडे खेचलं जातं, मग सगळी केंद्रकं तंतूच्या लांबीवर पसरतात आणि शेवटी कडेला जातात. या टप्प्यांमागची यंत्रणा वेगवेगळी आहे.

मध्याकडे खेचण्याचं काम डायनीन करतं. पेशीत सूक्ष्मनलिका नावाच्या प्रथिनांच्या नळ्या असतात आणि त्यांवरून चालणारी मोटर-प्रथिनं असतात. डायनीन एका दिशेला चालतं, कायनेसिन बहुतेक दुसऱ्या दिशेला. कायनेसिन १९८५ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूत सापडलं. त्याचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि सेकंदाला अशी शंभरेक पावलं ते टाकतं. केंद्रक हे पेशीतलं सर्वांत अवजड सामान. एकट्या मोटरच्या ते आवाक्यातलं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की डायनीन एकेकटं दुबळं असलं तरी अनेक डायनीन मिळून जोर लावायला तयार असतात. कायनेसिन एकटं जोरदार, पण जुटीत तेवढं जमत नाही. प्रयोग स्नायूवर नव्हता, पण पेशीत जड वस्तू कशी हलते याचं उत्तर त्यात आहे. पुढे २०१८ मध्ये मोटर-प्रथिनांवरच्या कामासाठी मल्लिक यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

पसरण्याचा टप्पा मला सर्वांत हुशारीचा वाटतो. साध्या पेशीत सूक्ष्मनलिका एका वेगळ्या केंद्रातून फुटतात. स्नायूत मात्र ते काम केंद्रकाच्या आवरणाने आपल्याकडे घेतलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक केंद्रकाभोवती नळ्यांचा पिसारा उभा राहतो. शेजारच्या दोन केंद्रकांचे पिसारे एकमेकांत शिरतात, पण उलट्या दिशेने. त्या दोन्हींना धरून कायनेसिन चालू लागलं की पिसारे एकमेकांवरून घसरतात आणि केंद्रकं दूर जातात. कायनेसिनला नळीशी बांधून ठेवणारं प्रथिन म्हणजे मॅप७. न्यूयॉर्कच्या मेरी बेलिस आणि तेव्हा पॅरिसमध्ये असलेले एडगर गोम्स यांच्या गटांनी २०१२ मध्ये ही जोडी उलगडली. केंद्रकं एकमेकांना ढकलत असावीत असं ऑस्लोच्या आकडेवारीतून वाटलं होतं. ती खरोखरच ढकलतात.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची. फळमाशीच्या अळ्यांमध्ये ही जोडी बिघडवली की केंद्रकं गोळा होऊन बसतात. स्नायूंची घडण शाबूत असूनही अळ्या हळू सरपटतात. म्हणजे जागा चुकल्याने काम खरोखर अडतं.

राहिला शेवटचा टप्पा, कडेला जाण्याचा. इथे बराच काळ शास्त्रज्ञ पुन्हा एखादी मोटरच शोधत होते. उत्तर निघालं भलतंच. तोवर लिस्बनला गेलेल्या गोम्स यांच्या गटाने २०१७ मध्ये ते दिलं. तंतूत केंद्रकाभोवती आकुंचन पावणारे बारीक दोर, म्हणजे मायोफायब्रिल, दाटू लागतात. डेस्मिन नावाचं प्रथिन त्या दोरांना एकमेकांशी आडवं बांधतं. मग स्नायू आखडायला लागतो. वालाच्या डाळिंब्या सोलल्यात कधी? भिजलेला वाल चिमटीत दाबला की साल बोटात राहते आणि दाणा टुणकन बाहेर उडतो. केंद्रकाचंही तसंच होतं. दोरांच्या चिमटीत ते लांबुळकं होतं, पिळवटतं आणि दाब कमी असेल तिकडे, म्हणजे कडेला, निसटतं. आकुंचन थांबवलं तर ते मध्येच राहतं. दोर एकमेकांना बांधलेले नसतील तरीही मध्येच राहतं. केंद्रक किती ताठ आहे यावर निसटायला लागणारा वेळ ठरतो.

म्हणजे कडेची जागा कोणी नेमून दिलेली नाही. स्नायू आपलं काम करायला लागला की केंद्रकं आपोआप कडेला जातात. हे लक्षात घेतलं की काचपट्टीवरच्या निळ्या ठिपक्यांचा अर्थच बदलतो. मध्ये राहिलेलं केंद्रक पाहून ‘हे इथे आहे म्हणून स्नायू दुबळा’ असं म्हणायचं, की ‘स्नायू दुबळा आहे म्हणून हे इथे आहे’ असं?

वाचक विचारेल, पण कडेला असण्यात फायदा काय? ‘मध्ये अडगळ नको’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं. पण हृदयाच्या स्नायुपेशीचं केंद्रक मधोमध असतं आणि ती पेशी जन्मभर बिनतक्रार आखडत राहते. त्यामुळे अडगळीच्या उत्तराने माझं पूर्ण समाधान होत नाही. सांगाड्याच्या स्नायूत केंद्रकं केशवाहिन्यांच्या जवळ बसतात असं दिसतं, आणि रक्तपुरवठ्याशी जवळीक हे जास्त पटण्यासारखं कारण वाटतं.

आता १९६६ साल. स्पायरो, शाय आणि गोनाटास या तीन अमेरिकी डॉक्टरांनी एका किशोरवयीन मुलाच्या स्नायूचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच्या बहुतेक तंतूंत केंद्रकं मध्ये, एका रांगेत होती. गर्भातल्या कच्च्या तंतूंत ती तशीच असतात. गर्भातला स्नायू वाढता वाढता अडकून राहिला, असा अर्थ त्यांनी लावला आणि आजाराचं नाव त्या कच्च्या तंतूवरून, मायोट्यूबवरून, ‘मायोट्यूब्युलर मायोपथी’ असं पडलं. १९६९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात याच तऱ्हेचा, पण फार गंभीर आजार मुलग्यांमध्ये दिसला. आईकडून मुलाला जाणारा, एक्स गुणसूत्रावरचा. जन्मणाऱ्या साधारण ५० हजार मुलग्यांत एकाला तो होतो. बाळ जन्मतःच लुळं असतं, रडणं क्षीण, श्वासाला व्हेंटिलेटर लागतो, आणि अनेक मुलं पहिल्या दोन वर्षांतच जातात.

जनुक मिळालं १९९६ मध्ये, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेत. एमटीएम१. केंद्रकाच्या जागेवरून ओळखल्या गेलेल्या या आजाराचं जनुक केंद्रक हलवणारं असेल अशी अपेक्षा असणार. ते निघालं पेशीच्या पटलांमधल्या एका खास मेदरेणूवरचा फॉस्फेट काढणारं विकर! पुढे सौम्य प्रकारांची दोन जनुकं मिळाली, २००५ मध्ये डीएनएम२ आणि २००७ मध्ये बीआयएन१. त्यांचंही काम पटलं वाकवण्याचं नि कापण्याचं. हळूहळू चित्र स्पष्ट झालं. चेतातंतूचा विजेचा संदेश पेशीच्या पृष्ठभागावरून खोल आत नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांना टी-नलिका म्हणतात. त्याच नीट बनत नव्हत्या. संदेश आत पोचत नाही, कॅल्शियम सुटत नाही, स्नायू आखडत नाही. आणि स्नायू पुरेसा आखडला नाही की केंद्रक मध्येच राहणार, हे लिस्बनच्या कामावरून समजतं. अर्थात गोष्ट इतकी सरळ नाही. बीआयएन१चं प्रथिन एन-वास्प या दुसऱ्या प्रथिनाशी हातमिळवणी करून नळ्यांची मांडणी आणि केंद्रकाचं कडेला जाणं, दोन्हींत भाग घेतं. तरीही माझं मत विचाराल तर या आजारात केंद्रक साक्षीदार आहे, आरोपी नाही. नाव मात्र साक्षीदारावरून पडलं, आणि ‘सेंट्रोन्यूक्लियर’ म्हणून या साऱ्या कुळाला ते कायमचं चिकटलं.

उपचाराची कथा उमेदीची आणि दुःखाची आहे. विषाणूच्या कवचात एमटीएम१ची चांगली प्रत भरून ती शिरेतून देण्याची चाचणी २०१७ मध्ये सुरू झाली. २४ मुलांना ती दिली गेली. आयुष्यभर व्हेंटिलेटरला जखडलेली अनेक मुलं त्यातून सुटली, काही बसू लागली, काही चालू लागली. स्नायूच्या आजारांत असं क्वचितच घडतं. पण ४ मुलं दगावली, यकृत निकामी होण्याशी जोडलेल्या गुंतागुंतीतून, आणि चाचणी थांबवावी लागली. या मुलांचं यकृतही मुळातच आजाराच्या तावडीत असतं, हे त्यानंतर ठळकपणे लक्षात आलं.

मध्ये दिसणाऱ्या केंद्रकाचा आणखी एक अर्थ असतो, आणि तो चांगला आहे. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायुतंतूंच्या कडेला चिकटलेल्या छोट्या पेशी दिसल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. तंतू फाटला की त्या जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळतात आणि नवा तुकडा उभा करतात. गर्भातला सगळा प्रवास पुन्हा पहिल्यापासून, म्हणून नव्या तंतूत केंद्रक मध्ये. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत पटलाला आधार देणारं डिस्ट्रोफिन नसतं, त्यामुळे तंतू सतत फाटत आणि दुरुस्त होत राहतात. या आजाराच्या अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या उंदरांत मधली केंद्रकं महिनोन्महिने तशीच राहतात. तिथे ती दुरुस्तीची खूण असते.

छोट्या जखमेसाठी तर सॅटेलाइट पेशींचीही गरज पडत नाही. बार्सिलोनातून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उंदरांना पळवून, शिवाय तंतूंवर लेझरने बारीक जखम करून पाहिलं. काही तासांतच त्याच तंतूतली शेजारची केंद्रकं जखमेकडे सरकली, सूक्ष्मनलिका आणि डायनीनच्या जोरावर. तिथे पोचून त्यांनी दुरुस्तीच्या प्रथिनांचा आरएनए जागेवरच पुरवला. केंद्रकांना अडवलं तर जखम भरायला उशीर लागला. व्यायामानंतर माणसांच्या स्नायूंतही अशी सरकलेली केंद्रकं दिसली. सवय नसताना गड चढून-उतरून आलात की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. त्या मांड्यांतही अशी धावपळ चालू असणार.

एवढी ओढाताण सोसायची तर केंद्रकाचं आवरण भक्कम हवं. योगायोग असा की १९६६ मध्येच अ‍ॅलन एमरी आणि फ्रिट्झ ड्रायफस यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका कुटुंबातला वेगळाच स्नायुविकार नोंदवला. त्याचं पहिलं जनुक १९९४ मध्ये सापडलं, एमेरिन नावाचं प्रथिन बनवणारं. १९९९ मध्ये दुसरं, लॅमिन ए/सीचं. दोन्ही प्रथिनं केंद्रकाच्या आवरणातली. लॅमिन म्हणजे तर त्या आवरणाचं आतलं अस्तर. इथे मात्र आरोपी खरोखर केंद्रकच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून २०२० मध्ये आलेल्या संशोधनात सदोष लॅमिनच्या स्नायुपेशींत केंद्रकाचं आवरण फाटताना आणि डीएनएला इजा होताना दिसली. कायनेसिन कमी केलं तेव्हा नुकसान घटलं. म्हणजे केंद्रकाला जागेवर नेणारी मोटरच दुबळ्या केंद्रकाला फाडत होती.

एमरी-ड्रायफस आजार फार दुर्मिळ आहे, पण ओळखता येतो. लहानपणीच कोपर पूर्ण सरळ होत नाही, टाच जमिनीला टेकत नाही म्हणून मूल चवड्यांवर चालतं, मान पुढे वाकत नाही. अशक्तपणा बऱ्याचदा इतका सौम्य असतो की घरचे फिजिओथेरपीवर निभावून नेतात. धोका हृदयाला असतो. ठोक्यांचा विजेचा संदेश अडतो, नाडी मंदावते, आणि तरुण वयात अचानक मृत्यू येऊ शकतो. वेळेवर बसवलेला पेसमेकर, काहींच्या बाबतीत शॉक देणारं यंत्र, जीव वाचवतं. तेव्हा ही तीन लक्षणं ज्या मुलात एकत्र दिसतील त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, त्याचा ईसीजी काढा आणि दरवर्षी काढत राहा. आजार पक्का झाला तर भावंडांचा आणि आईचाही ईसीजी काढायला लावा, कारण एमेरिनचा दोष वाहणाऱ्या स्त्रीचे स्नायू धडधाकट असले तरी तिच्या हृदयाला त्रास होऊ शकतो.